निवळीचा उतार

आमच्या जीपला स्टार्टर होता, पण अण्णांनी तो दाबलेला मी फारसा पाहिला नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घर रत्नागिरीत चढावर होतं आणि जीप दारातच, तोंड उताराकडे करून, मागच्या चाकाखाली जांभ्याचा चिरा लावून उभी असे. सकाळी अण्णा टोपी घालून आत बसले की मी चिरा काढायचा. गाडी आपली आपण निघायची, शेजारच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी आली की अण्णा ती दुसऱ्या गियरात टाकून क्लच सोडायचे, आणि दोन आचके देऊन इंजिन सुरू व्हायचं. मग मी धावत जाऊन मागे चढायची. पुढच्या वळणाला मोठा उतार लागला की अण्णा बटण ओढून इंजिन पुन्हा बंद करायचे. एवढ्यासाठी ते सुरू तरी का केलं, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "मधे सपाटी आहे ना."

अण्णांची आंब्याची कलमं होती आणि जीप त्यासाठीच सरकारी लिलावात घेतलेली. आम्ही गरीब नव्हतो, हे सांगायला हवं, कारण पुष्कळांचा तसा समज होता. अण्णांचं म्हणणं तत्त्वाचं होतं. उतार देवाने फुकट दिलेला आहे, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीवर डिझेल जाळणं हा माज आहे. रत्नागिरीत देवाने या बाबतीत हात सैल सोडलेला असल्याने अण्णांचा निम्मा प्रवास असा फुकटात होई. कुठल्या उताराला किती वेग घेऊन लागलं म्हणजे गाडी पुढच्या पुलापर्यंत जाते, कुठे ब्रेकला नुसता पाय टेकवायचा आणि कुठे तोही नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. ब्रेक सतत दाबून ठेवणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं नसे. लांबच्या उतारावर ब्रेकचा जळका वास येऊ लागला की ते नाक वर करून वास घेत आणि "गरम झाला" म्हणत, चहाबद्दल म्हणावं तसं.

इंजिन बंद असलेली जीप येते तेव्हा तिचा काहीच आवाज होत नाही. रस्त्यातली कुत्री उठत नाहीत, सायकलवाले बाजूला होत नाहीत. हॉर्न वाजवला तर बॅटरी उतरते, म्हणून ओरडायचं काम माझ्याकडे होतं. मी मागे उभी राहून आडव्या दांड्याला धरून "बाजूss!" असं ओरडायची. बाजारात लोक मला ओळखायचे ते त्या आवाजावरून. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मला दरवर्षी बक्षीस मिळायचं, त्यामागेही हेच असणार.

ही पद्धत हळूहळू घरातही शिरली. भात शिजत आला की अण्णा स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचे, "आता काढ, उरलेला आपला आपण होईल." मग आई पातेलं चुलीवरून उतरवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची आणि तो खरोखरच आपला आपण व्हायचा. कुळथाची पिठी मात्र तशी होत नसे, ती ढवळावी लागे, म्हणून अण्णा जवळपास असले की आई पिठी करत नसे. गाडीने कुठे जायचं असेल तेव्हा जेवणही गाडीच्या सोयीचं असायचं. सोलकढी, सार, बांगड्याचं तिखलं, असलं काही न्यायचं नाही, कारण अण्णा वळणावर ब्रेक लावत नसत. घावणे, गूळ-खोबरं, सुकी चटणी, फार तर तळलेला बांगडा केळीच्या पानात बांधून. आईच्या मांडीवर डबा आणि डब्यावर दोन्ही हात.

आईला बोलायला आवडायचं. पण अण्णांशी बोलणं सोपं नव्हतं. ते रागीट नव्हते, नुसते सापडायचे नाहीत. घरात विषय निघाला की त्यांना बागेतलं काहीतरी आठवायचं आणि चपला घालून ते बाहेर पडायचे. गाडीत त्यांना उठून जाता येत नसे, परंतु त्या जीपचा आवाज इतका, की शेजारी बसलेल्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. राहता राहिले उतार. अण्णांनी बटण ओढलं की एकाएकी सगळं शांत व्हायचं. टायरांचा आवाज, डब्याच्या झाकणाचा आवाज, झाडीतल्या पक्ष्यांचा आवाज यायला लागायचा, आणि त्यात आईचा आवाज. आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय उतारावर झाले आहेत. घराखालच्या उतारात शिंपी, रॉकेल आणि पाहुणे एवढंच मावायचं. बाजाराच्या उताराला माझ्या शाळेचे विषय. मोठे विषय आई निवळीच्या घाटासाठी राखून ठेवायची, कारण तो थेट बावनदीपर्यंत खाली जातो.

अण्णांकडेही उपाय होता. विषय आवडला नाही की ते उतार संपायच्या आधीच गाडी गियरात टाकून क्लच सोडायचे. आईचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. ती चिडायची नाही, तोंड मिटून समोर बघत बसायची, आणि पुढच्या उताराला बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. तो उतार चार दिवसांनी आला तरी चालायचं. मला वाटतं, माझ्या आईइतकं वाक्य सांभाळून ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता माझा मुलगा सांगतो की हे सगळं चुकीचं होतं. हल्लीच्या गाड्या उताराला गियरात ठेवल्या तर इंधन जवळजवळ घेतच नाहीत, न्यूट्रलला मात्र थोडं घेतात, आणि इंजिन बंद केलं तर ब्रेक धड लागत नाहीत. शिवाय तो गुन्हा आहे म्हणाला. हे ऐकायला अण्णा नाहीत याचं मला बरं वाटलं. त्यांना गुन्ह्याचं काही वाटलं नसतं, पण गियरात इंधन लागत नाही हे ऐकून झोप आली नसती.

बारावीनंतर मी दापोलीला शेतकीच्या पदवीसाठी अर्ज केला होता. कलमांमध्ये वाढल्यामुळे मला त्यात गोडी होती, आणि काही कळत नसलेला कोणी माणूस बागेत येऊन अण्णांना सल्ला देऊन गेला की आपण त्याला उत्तर द्यावं असं मला फार वाटायचं. दापोलीहून बोलावणं आलं. गुरुवारी कागद घेऊन हजर राहायचं, न आल्यास जागा पुढच्याला. अण्णांनी ते वाचलं, "बरं" म्हणाले आणि बागेत गेले. आई आणि मी त्या "बरं"वर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "गुरुवारी चिपळूणला जायचंय. ताईने स्थळ बघितलंय. मुलगा मुंबईला असतो. बायला चांगली साडी नेसव."

ताई म्हणजे माझी आत्या. आणि बाय म्हणजे मी. मी भात चिवडत राहिले. आई म्हणाली, "गुरुवारी दापोलीचं पण आहे." अण्णांना फवारणीचं काहीतरी आठवलं.

गुरुवारी पाऊस उघडला होता. आईने मला तिची मोरपिशी साडी नेसवली, ती मला पायात येत होती. घावण्यांचा डबा कापडी पिशवीत ठेवताना तिने आधी तळाशी माझे दाखले आणि मार्कशीट प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून घातली. मी बघत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे. जड नाय होत." मी चिरा काढला, साडी सावरत धावले आणि मागे चढले. मला नवऱ्याची भीती वाटत नव्हती, मुलगा बहुधा बराच असेल. मला भीती वाटत होती ती एवढीच, की मी काही न बोलता सगळं होऊन जाईल.

घराखालच्या उतारात आई काहीच बोलली नाही. बाजाराच्या उतारातही नाही. अण्णांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. हातखंब्याच्या पुढे सपाटीवर जीप बोंबलत चालली होती आणि मी मागून दोघांच्या पाठी बघत होते. आईच्या पदराची कड वाऱ्याने अण्णांच्या खांद्यावर येत होती आणि आई ती परत ओढून घेत होती.

निवळीला घाट सुरू झाला. अण्णांनी बटण ओढलं. सगळं शांत झालं. आई म्हणाली, "मला एक सांगायचंय. मधेच चालू करू नका."

"कधी करतो?" अण्णा म्हणाले.

"लग्नाआधी मला मुंबईहून बोलावणं आलं होतं," आई म्हणाली. "नर्सिंगला. मोठ्या हॉस्पिटलात. राहणं, जेवण, सगळं तिकडेच. मी ट्रंक भरली होती. त्याच आठवड्यात तुमचं स्थळ आलं. बाबांनी मला विचारलं नाय. मुंबईला नको म्हणून कळवून टाकलं. ट्रंक होती तीच घेऊन मी तुमच्याकडे आले."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. ती पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर होती, तिच्यात आई गोधड्या ठेवायची. अण्णांचा हात गियरच्या दांड्यावर गेला. मला तो मागून स्पष्ट दिसत होता, आणि आईलाही दिसला असणार, कारण ती बोलायची थांबली. मोठं वळण आलं. मी "बाजूss" ओरडायला विसरले आणि एक म्हातारा गुरं घेऊन चालला होता त्याने आम्हाला मनापासून शिव्या घातल्या. हात दांड्यावर होता, पण अण्णांनी गियर टाकला नाही. थोड्या वेळाने त्यांनी तो हात उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला.

"तुम्ही वाईट नाय वागवलंत," आई म्हणाली. "ते नाय म्हणत मी. पण हॉस्पिटलात कोणाला बघायला गेलो की मी त्या बायांचे पांढरे कपडे बघत बसते. अजून. बायने दुसऱ्याच्या बागेत जाऊन असं बघत बसायला नको."

घाट संपला. खाली बावनदीच्या अलीकडे सपाट रस्ता लागतो. इथे नेहमी क्लच सुटायचा. सुटला नाही. जीप आपल्या वेगाने पुढे गेली, मग त्याहून कमी वेगाने, मग माणूस चालेल एवढ्या. मागून एक ट्रक आला, भोंगा वाजवून बाजूने गेला. मला अण्णांना ओरडून सांगावंसं वाटलं, अजून वेळ आहे, आत्ता टाका गियर, नंतर होणार नाही. कारण त्या जीपची बॅटरी नावालाच होती. सपाटीवर ती थांबली तर धक्का मारल्याशिवाय सुरू होत नसे, आणि हे अण्णांइतकं कोणाला माहीत नव्हतं. सपाटीवर थांबलेली गाडी ही त्यांच्या लेखी नामुष्की होती. जीप थांबली. अण्णांनी हॅण्डब्रेक ओढला. नदीचं पाणी ऐकू यायला लागलं.

"बोल," अण्णा म्हणाले.

"झालं माझं."

"झालं कसं? बोल की. आता काय घाई नाय."

आई गोंधळली. घाटात मावेल एवढंच तिने मनात जुळवून आणलं होतं. त्यापुढे बोलायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ती डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. अण्णा समोर बघत म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदा पण बोलली नाहीस."

"कधी बोलणार? आधी सासूबाईंचं दुखणं होतं. मग बाय झाली. मग दोन वर्षं मोहर जळला. तुम्ही थांबता कुठे? एवढंसं बोलायला मिळतं, त्यात रॉकेल सांगू की हे सांगू?"

अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. त्यांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो बघायचाही नव्हता. तेवढ्यात पुलाच्या बाजूने छत्री घेतलेला एक माणूस आला आणि वाकून आत बघत म्हणाला, "काय, बंद पडली काय?"

"नाय," अण्णा म्हणाले. "बंद केलीय."

"पाणी-बिणी होवं काय?"

"नको."

तो गेला नाही. बाजूला छत्री टेकून उभा राहिला. चाकांकडे बघून तो म्हणाला, "मग ढकलूचीय काय?" अण्णांनी मान हलवली. ढकलायला तो माणूस, मी आणि आई. आईने पिशवी सीटवर ठेवली, पदर खोचला आणि ती माझ्या शेजारी येऊन गाडीला हात लावून उभी राहिली. रस्त्याला चिखल होता. पहिल्या वेळी गाडीने आचका दिला आणि नुसती थांबली. दुसऱ्या वेळी माझा पाय साडीत अडकला आणि मी गुडघ्यांवर आपटले. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं, काळा धूर आमच्या तोंडावर आला, आणि छत्रीवाला माणूस समाधानाने निघून गेला.

मी चढले तेव्हा मोरपिशी साडी गुडघ्यापासून खाली लाल झाली होती. एका बाजूला निऱ्याही सुटल्या होत्या. अण्णांनी मागे वळून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. इंजिन सुरू होतं म्हणून ते ओरडूनच बोलले.

"ही साडी आता दाखवण्यासारखी राहिली नाय."

"नाय," आई ओरडली.

"दापोलीत साडी कोण बघतंय?"

"कोण नाय," आई ओरडली.

झालं ते एवढंच. माझ्या आयुष्याचा निर्णय एका साडीवर ढकलून अण्णा मोकळे झाले आणि त्यांनी पहिला गियर टाकला. मला आनंद झाला होता, पण तो दाखवायचा कुठे ते कळेना. पुढे बसलेली दोघं माझ्याबद्दल बोलत नव्हती, हे मला तेव्हाही समजत होतं. मी पाठीमागे बसून चिखलाचे हात साडीच्याच कोरड्या भागाला पुसले. आई पिशवीत हात घालून तळाशी कागद आहेत ना ते चाचपत होती.

चिपळूणला आत्याच्या घरासमोर पडवीत माणसं बसलेली दिसली. चपला ओळीने लावल्या होत्या. उतरायचं तर गाडी बंद करावी लागेल आणि मग पुन्हा ढकलावी लागेल, म्हणून अण्णांनी ती नुसती हळू केली आणि ओरडले, "ताई, दापोलीला जातोय! पोह्यांना थांबू नका!" ऐकू आलं नाही म्हणून आत्याने कानामागे हात धरला. अण्णांनी पुन्हा ओरडून सांगितलं. पडवीतला पांढऱ्या शर्टातला एक मुलगा उठून उभा राहिला, तोच असावा. चांगला उंच होता. मग घर मागे गेलं. आत्या त्यानंतर दोन गणपती आमच्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पोहे तिनेच केले होते.

पुढे खेडच्या रस्त्याला पुष्कळ उतार आहेत. अण्णांनी प्रत्येक उताराला इंजिन बंद केलं आणि प्रत्येक उताराला आईच्या बाजूला थोडी मान वळवली. आई काही बोलली नाही. एकदा फक्त तिने डबा उघडला, घावण्यात गूळ-खोबरं भरलं आणि त्यांच्या तोंडाजवळ धरलं. एरवी गाडी चालवताना ते खात नसत. त्यांनी खाल्लं.

दापोलीला पोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला आली होती. अण्णांनी जीप बाहेर रस्त्याच्या चढावर उभी केली, मी दगड शोधून चाकाखाली घातला, आणि आम्ही तिघं आत धावलो. खिडकीसमोर शहरातले कपडे घातलेली मुलं आणि त्यांचे वडील उभे होते. चिखलाने माखलेली साडी बघून त्यांनी जागा दिली. आई पुढे होती, कागद तिच्या हातात होते. मी तिच्या मागे, अण्णा माझ्या मागे. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "पूर्ण नाव. आडनाव आधी."

आई खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून सरळ उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "शिर्के वत्सला गोविंद."

कारकून लिहू लागला. मला काही कळेना. आमचं आडनाव शिर्के नाही, आणि वत्सला कोण ते मला माहीत नव्हतं. घरात, दारात, रेशनकार्डावर, सगळीकडे आई सुलभाच होती. मी मागे वळून अण्णांकडे पाहिलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "तिचं लग्नाआधीचं नाव." पुढे होऊन चूक सुधारावी असं त्यांच्या मनात आलेलं दिसलं नाही. ते तसेच उभे राहिले, टोपी हातात धरून, आणि कारकून ते नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहीपर्यंत थांबले.

मग आईच्या लक्षात आलं. "अगोबाई," ती म्हणाली. "थांबा हो. खोडा ते. चुकलं. मुलीचं लिहायचंय."

कारकुनाने वैतागून नावावर आडवी रेघ मारली. "मग ही वत्सला कोण?"

"कोणी नाय," आई म्हणाली, आणि तिने माझं नाव सांगितलं.